इमानवालीची मोठी जाऊ

"टोक तू सोडलं!"

"मी? बाई, मी? इमान डोक्यावर आलं तवा तुमीच टोक फेकलं अन् तुरीत पळाल्या. मी तं तिथंच उभी होती."

"झूट! सारं झूट! इमान दिसलं अन् तुह्या हातातलं लुगडं सुटलं. मीच धरून होती, मी!"

"घ्या मंग अंबामायची आन."

"घेतली! अंबामायची आन! लोकं तुले इमानवाली म्हनतेत, शकुने, पन इमान हाये कुठं तुह्यात?"

वलगावच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या पंधरावीस बाया घागरी काठावर ठेवून ऐकत होत्या. वऱ्हाडी जिभेवर विमानाचं इमान होतं, आणि इमान म्हणजे सचोटीही. गोदाबाईने एकाच शब्दात दोन्ही बाजूंनी चिमटा काढला होता. बाया खुदकन हसल्या. शकुन मात्र हसली नाही. घागर उचलून ती धाकटी जाऊ तशीच घरी गेली.

गोदाबाई जळकी होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ती स्वतःही ते नाकारत नसे. "जळतो तोच दिवा," असं वर म्हणायची.

माहेर अंजनगाव सुर्जीचं, केळीच्या मळ्यातलं. थोरल्या बहिणीचे कान आधी टोचले म्हणून सहा वर्षांच्या गोदीने बाभळीचा काटा घेतला आणि आपले आपणच टोचून घेतले. डावा कान पिकला, पाळी कायमची वाकडी झाली. पण बहिणीच्या आधी दोन्ही कानांत काडी घालून ती मिरवली. पुढे वलगावच्या पंजाबराव माळ्याशी लग्न झालं. चार वर्षांनी धाकट्या दिराची, चंद्रभानची, बायको म्हणून शकुन आली, आणि गोदाबाईच्या जळण्याला हक्काचं घर मिळालं. सासू एकदा म्हणाली, "धाकटीची भाकर मऊ लागते." गोदाबाईने त्या दिवसापासून सासूला भाकर म्हणून वाढली नाही. कण्या वाढल्या, तीन महिने.

वाटण्या झाल्या तेव्हा मळ्याच्या मधोमध धुरा, म्हणजे बांध, पडला. अलीकडे गोदाबाईचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरची, पलीकडे शकुनची वांगी. शकुनला हिवतापाने धरलं तेव्हा तिच्या वांग्यांना नऊ दिवस पाणी दिलं ते गोदाबाईनेच. दहाव्या दिवशी अमरावतीच्या बाजारात बसून तिने साऱ्यांना सांगितलं, "माह्या हातचं पानी पेली म्हनून यंदा तिची वांगी वांग्यासारखी दिसून राह्यली."

अशा बाईच्या शेजारी विमान पडलं.

ती पौषातली सकाळ होती. दोघी जावा न्हाऊन मळ्यात गोदाबाईचं लाल लुगडं वाळवत होत्या. नऊवारी लुगडं वाळवायचं तर दोघींनी दोन टोकं धरून वाऱ्यात उभं राहायचं; घटकाभरात कोरडं होतं. भांडण कितीही असलं तरी हे काम एकटीने होत नाही. तेवढ्यात आभाळात घरघर झाली, खोकल्यासारखा आवाज आला, आणि घरघर थांबली. एक लहानसं दुपंखी विमान, एका इंजिनाचं, मुंबईच्या एका पारशी शेठचं स्वतःचं, नुसत्या तारांची शीळ वाजवत दोघींच्या डोक्यावरून गेलं. पुढे जाऊन ते वळलं आणि मळ्यात उतरलं. चाक शकुनच्या वांग्यातल्या पाण्याच्या दांडात अडकलं आणि विमानाने नाक मातीत खुपसलं. शेपूट वर. पुढचा पंखा मोडून दोन तुकडे.

शकुनने आणि चंद्रभानने पट्ट्यात लोंबणाऱ्या शेठला बाहेर काढलं. कपाळ फुटलं होतं, पण माणूस जिवंत होता. गोदाबाई तुरीतून बाहेर आली तोवर शेठ शकुनच्या हातचं पाणी पीत होता.

मग चार दिवस जत्रा. भातकुलीपासून लोक बैलगाड्या जुंपून आले. शकुनची निम्मी वांगी पायाखाली गेली. गोदाबाई धुऱ्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, "अहो, इकडं पाहा! पहिलं चाक माह्या सांभारात टेकलं! ही चाकोरी पाहा!" लोक म्हणायचे, "व्हय माय, व्हय," आणि शेपूट पाहायला पलीकडे जायचे. पोलिसाने कागदावर लिहिलं ते चंद्रभानच्या वावराचं नाव. विमान सुटं करून दोन गाड्यांवर बडनेरा स्टेशनला गेलं. शकुन 'इमानवाली' झाली. बाजारात गिऱ्हाईक विचारू लागलं, "इमानवालीचे वांगे कोन्ते?" तीच वांगी. गोदाबाईने पाणी घातलेली.

पंजाबराव समजावायचे, "अवं, तिची अर्धी बाग गेली. कायचं जळतं तू?"

"माही सारी जाऊ द्या ना! माह्यात काहून नाई पडलं?"

असं वर्ष गेलं, आणि शेठचं पत्र आलं. शालिकराम मास्तरांनी ते केशवराव पाटलांच्या ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. शेठ विमान घेऊन अमरावतीला येणार होता. लुगडं धरणाऱ्या ज्या बाईमुळे जीव वाचला, तिला एकदा आभाळात फिरवून आणायची त्याची इच्छा होती. विमानात दुसरी जागा मात्र एकच.

एक जागा. गोदाबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही. जीव वाचवणारी म्हणजे शेवटपर्यंत टोक धरणारी, दुसरी कोण? साऱ्या वलगावने माना वर करून आपल्याला पाहावं, एकदा, शकुनला नव्हे, आपल्याला, एवढंच तिला हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी विहिरीवर ते भांडण झालं, आणि आन घेतली गेली. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं: मोठीने धरलं होतं, धाकटीने सोडलं.

तिसऱ्या दिवशी शेठची मोटार पाटलांच्या दारात थांबली. कपाळावर व्रण, बाकी हसरा माणूस. गोदाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसली होती. शकुन खांबाआड.

"बाई लोक," शेठ आपल्या मुंबईच्या मराठीत म्हणाला, "इंजिन बंद पडला ना, तर विमानाला वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरावं लागते. उलटा उतरला तर खेळ खलास. मी वरतून पाहते, वारा कुठून येते? काय समजत नाय. खाली एक लाल पट्टी, दोन बाईनी ताणून धरलेली. ताणलेल्या पट्टीवरून वारा कसा कळणार?"

"मंग?" मास्तरांनी विचारलं.

"मग एका बाईनी टोक सोडून दिला! पट्टी अशी उडाली, झेंड्यासारखी. मला वारा दिसला! मी वळलो, उतरलो, वाचलो. टोक सोडणारी ती बाई कोण? तिला मी नेणार."

मग मागून एक बाई ओरडली, "शकुन! शकुननं सोडलं! गोदाबाईनं आन घेऊन सांगतलं ना!"

"व्हय व्हय, शकुनच!" साऱ्यांनी री ओढली. कोणी शकुनला पुढे ढकललं.

गोदाबाई अर्धी उठली आणि परत बसली.

"मी नाई," शकुन म्हणाली. "मी काय हिमतीनं धरलं नाई अन् सोडलंही नाई, शेठ. भेवानं माही मूठच उघडली नाई."

"मग कोण?" शेठ गोंधळला.

शकुन गोदाबाईसमोर येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण शोधूनही दिसत नव्हती, आणि गोदाबाईला तेच सर्वांत जास्त लागलं.

"बाई," शकुन हळूच म्हणाली, "तुमीच बसा इमानात. मले वर जायची हौस नाई. पन एवढ्या लोकाइसमोर एकडाव सांगा. टोक कोनं सोडलं?"

गोदाबाईने शेठकडे पाहिलं. दारातल्या मोटारीकडे पाहिलं. ओसरीवरचे सारे डोळे, वर्षभर हवे होते तसे, तिच्यावरच लागले होते.

ती उठली. वाकड्या पाळीवरून पदर ओढून घेतला आणि ओसरीच्या पायऱ्या उतरू लागली.

"गोदाबाई!" मास्तर ओरडले. "जवाब तं देऊन जा!"

मोटारीला वळसा घालून ती मळ्याच्या वाटेला लागली होती.