बिदरी पानदान आणि चिंचेचा कोळ

इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेलेली जुनी वस्तू पाठवण्यापूर्वी घासावी का? या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा मिळाले. नव्या विक्रेत्यांना ते वेळेवर मिळावे, म्हणून लिहिते.

देशाचा बाजार खुला झाला आणि काही वर्षांत दिलसुखनगरला गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. अंबरपेठेत आम्ही दोघी बहिणी राहत होतो. मी शाळेतून निवृत्त झालेली. अक्का माझ्याहून मोठी, आणि तिचे ऐकू येणे झपाट्याने कमी होत चालले होते. कानाला यंत्र लवकर लावा, उशिरा लावल्यास उपयोग होणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. विकण्याजोगे घरात आईचे बिदरी पानदान तेवढे होते: काळ्या धातूवर चांदीची वेल.

अक्काच म्हणाली, "पान खाणारी गेली. दे विकून. मला तुझी बडबड ऐकायचीय."

"इतकी वर्षं ऐकलीस की," मी पाटीवर लिहिले.

"तेव्हा लक्ष कुठं होतं माझं?"

कॅफेवाल्याने फोटो काढला. वर्णनात मी झाकणाचा पोचा, ढिली बिजागरी, वेलीतले एक निखळलेले पान, सारे क्रमाने नोंदवले. तो हसला. "टीचरम्मा, इत्ता सच कायकू लिखते?" परंतु त्या वर्णनावर विसंबूनच एका गृहस्थांनी सर्वांत चढी बोली लावली. रक्कम पार्सल पाहून द्यायची ठरली.

पाठवण्याच्या सकाळी मी पानदान चिंचेचा कोळ आणि राख लावून घासले. आमच्या घरातून भांडे कधी मळके बाहेर गेले नव्हते. काळे पाणी वाहून गेले, ते मी मळ समजले; तो बिदरीचा काळा रंगच होता. आई पानदान नुसते तेलाच्या बोळ्याने पुसत असे, हे मला आबिड्सच्या पोस्टातून परतताना आठवले.

पार्सल परत आले. सोबत चिठ्ठी होती: फोटोतली वस्तू ही नव्हे. लिलावाच्या पानावर माझ्या खात्यापुढे 'फसवणूक' असा शेरा पडला. मुलांच्या वह्यांवर आयुष्यभर शेरे लिहिले. त्यांतला एकही इतका बिनचूक नसेल. पुढे मी नवा फोटो आणि खरी हकीगत दिली. कोणीही बोली लावली नाही. यंत्राचे दिवस निघून गेले.

अक्का ते राखी रंगाचे पानदान मांडीवर घेऊन बोटाने वेल शोधत असे. "हे आईचंच ना गं?" एकदा तिने विचारले. मी मोठ्याने हो म्हटले. ती उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत राहिली. मी पाटी शोधायला उठले.

विनंती एवढीच: वस्तू बांधण्यापूर्वी ती फोटोशेजारी ठेवा, आणि दोन्ही एकच आहेत का, हे माझ्या शब्दावर न जाता स्वतः तपासून पाहा.