दोन तास दहा मिनिटं

लेहच्या पुढच्या एका पोस्टवर मी हवालदार होतो. माझं गाव मानवत. लान्स नायक मिलिंद राणीसावरगावचा. अख्ख्या कंपनीत परभणी जिल्ह्याचे आम्ही दोघंच. सकाळी सहाला पेट्रोलिंग, नऊला चहा, चहाबरोबर मिलिंदची ठेच्यासाठी कुरकुर. एका पेट्रोलवर बर्फाचा कडा सुटला आणि मिलिंद त्याखाली गेला. सीओ साहेब म्हणाले, "तुम उधर के हो. एस्कॉर्ट तुम जाओगे."

सकाळी आठला त्याची शवपेटी घेऊन दिल्लीत उतरलो. कार्गोच्या काउंटरवरचा बाबू 'परभणी' टाइप करून विमानतळ शोधत बसला. मी तिसऱ्यांदा सांगितलं, "सर, हैदराबाद." मग त्याचा चेहरा खुलला. "दो घंटे दस मिनट. पहुँच गए समझो."

त्याच्या भरवशावर मी मिलिंदच्या भावाला, कैलासला, 'संध्याकाळपर्यंत पोचतो' असं कळवलं. मग एका कागदावर शिक्का कमी निघाला. साडेदहाचं विमान गेलं. शिक्क्याचे साहेब जेवायला गेले ते गेलेच. दुपारचंही गेलं. बाबू तरी म्हणतोय, "फ्लाइट तो सिर्फ दो घंटे की है." त्याला उचलून आपटावंसं वाटलं.

दुपारी तीनला फोन आला. मिलिंदची आई, धुरपाबाई.

"मिलिंद यायलाय ना रं बाबा?"

"यायलाय, मावशी."

"किती वेळ लागंल?"

"इमानाचे दोन तास. पुढं गाडीचे सात."

"लय लांब हाय की. दे बरं त्याच्याकडं फोन."

घरच्यांनी तिला 'मिलिंद यायलाय' एवढंच सांगितलं होतं, तो गेल्याचं नाही. मी "रेंज न्हाई" म्हणून फोन कापला. दुसरा कोणी एस्कॉर्ट असता तर त्याने हिंदीत 'ला रहे हैं' म्हटलं असतं आणि ती समजली असती. मी 'यायलाय' न म्हणता 'आणायलोत' म्हणायला हवं होतं. आपल्याच बोलीने माझा घात केला.

कैलासला फोन लावून झापलं. "आईला आत्ता सांग."

"माझ्यानं न्हाई होत, भाऊ. तुमी या लवकर."

लवकर! पहाटेचं विमान मिळालं. दोन तास दहा मिनिटांतच उतरलं, त्याबद्दल तक्रार नाही. दुपारी साडेतीनला गाव आलं. रस्त्यावर सगळा गाव उभा. पुढे मावशी, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. तिने ड्रायव्हरशेजारी पाहिलं.

"मागं बसलाय का?"

मी सॅल्यूट केला. "मावशी, त्याला आणलंय."

"आणलंय?" एवढंच म्हणाली आणि खाली बसली. भाकरी तिने सोडल्या नाहीत.

आता मी रिटायर झालोय. कोणी मोबाइलवर दोन शहरांतलं अंतर काढून विमानाचे तास सांगू लागलं की अजून डोकं फिरतं. दरवर्षी मिलिंद गेला त्या तारखेला मी मानवतहून एसटीने राणीसावरगावला जातो. निघताना फोन करतो. 'यायलास का' असं मावशी कधीच विचारत नाही.

"बसलास का गाडीत?"

"बसलो, मावशी."

"मग बोलत राहा थोडं, आवाज येऊ दे तुझा," ती म्हणते.