मालकाच्या मोबाईलातला ढग

मोबाईल पुढं करून कुणी 'हे बघ, वरून दिसतंय' म्हणालं की माझा प्रश्न ठरलेला: दाखवतंय कोण?

त्या भाद्रपदात मावशीनं दोन दिवस खपून फटाक्यांच्या कागदी नळ्या वळल्या होत्या. आमच्या तेरखेड्यात हे काम घरोघर चालतं. कागद कारखान्याच्या मालकाचा, खळ आपली, वाळवण विहारापुढच्या फरशीवर. ओल्या नळ्या आणखी एक दिवस घरात राहिल्या असत्या तर बुरशी ठरलेली. आणि बुरशीचा माल मालक तोंडावर फेकतो.

सकाळी बायका टोपल्या घेऊन फरशीवर पोचल्या, तेवढ्यात मालक मोटारसायकलवर आला.

"पसरू नका गं. उपग्रहाचा फोटू बघा. सगळा जिल्हा पांढराफट्ट! धो धो येतोय. माझा कागद भिजंल."

मी वर बघितलं. ऊन मलमलीतून गाळल्यासारखं होतं, पण होतं. गोदाम भरलं की ह्यांना माल नको असतो, आणि नाकारायला बुरशीइतकं सोयीचं कारण नाही.

"मालक, हा फोटो कशाचा?"

"ढगाचा! मजुरीवाढीची पत्रकं वाटून डोळं गेलं का, पोरी?"

बायका हसल्या. मावशीसुद्धा.

मी तिथंच सरकारी संकेतस्थळ उघडलं. हा उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंच, पृथ्वीच्याच चालीनं फिरतो. म्हणून कायम आपल्याच बाजूला टक लावून असतो. दिवसा उजेडाचं चित्र घेतो, उष्णतेचं रात्रंदिवस. मालकाकडं उष्णतेचं होतं. त्यात थंड ते पांढरं. लई उंचावरचा ढग बर्फगार, म्हणून पांढरा दिसतो, मग त्यातून टिपूसही न पडो. जमिनीलगतचा ढग उबदार, तो करडा पडून लपतो. उजेडाच्या चित्रात मात्र आमच्यावर नुसता पिंजलेला पडदा होता, आणि त्यातून खालची जमीन दिसत होती.

दोन्ही चित्रं मावशीपुढं धरली. "एकाच वेळची आहेत."

"मालक, ह्ये दुसरं तुमी का न्हाय दावलं?" मावशीनं विचारलं.

"माझ्याकडं एकच येतं, बाई."

असेलही. मला अजून पटलेलं नाही.

"आन पाऊस आलाच तर?" मावशी माझ्याकडं वळली.

"चित्र आत्ताचं सांगतं, पुढचं नाही. अर्ध्या तासाला नवं येतं. मी बघत बसते."

"बस मग. माझी खळ आंबाया लागलीया." तिनं टोपली उपडी केली. बाकीच्यांनी आधी मालकाकडं बघितलं, मग एकेक टोपली उतरली.

दुपार टळेपर्यंत नळ्या टणक झाल्या. संध्याकाळी मालक टेम्पो घेऊन आला आणि एकेक नळी नखानं दाबून बुरशी शोधू लागला. मी शेजारी उभी राहून त्याचं नख बघत होते. मावशीची शेवटची टोपली टेम्पोत चढेपर्यंत मी तिथून हलले नाही.