शिवनाथचे सहा लूम

हे मी आजवर कुणाकडे बोललो नाही — बायकोकडेही नाही. पुढे वर्तमानपत्रात नोकरी केली. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय एक ओळ छापू दिली नाही. आणि ही गोष्ट? ही माझ्यापाशीच राहिली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धामणकर नाक्याजवळ एका लूम कारखान्यात, म्हणजे यंत्रमागांच्या, मी मॅनेजर होतो. जवळच्या कोन गावाहून यायचो. कॉमर्सची पदवी नवी होती. नियोजन, संघटन, निर्देशन, नियंत्रण — व्यवस्थापनाची ही चार कामं तोंडपाठ. माझं नियोजन साधं होतं: एका कारागिराने चारऐवजी सहा लूम चालवायचे. राममूरत नाही म्हणाला. सगळ्यांत जुना कारागीर तो. त्याच्यामागे बाकीचेही नाही म्हणाले. मग नियंत्रण ते कसलं?

मुलीच्या लग्नासाठी तो उत्तर प्रदेशात गावी गेला. आमच्याकडे रीत अशी — जाणारा आपल्या जागी आपलाच माणूस बदली ठेवतो. तो परतला की बदलीने लूम सोडायचे. लेखी काही नसतं, तरी कुणी मोडत नाही. राममूरतने मेहुण्याला, शिवनाथला, ठेवलं. शिवनाथ नवा, भित्रा. मी सहा सांगितले, त्याने सहा चालवले.

राममूरत परतला त्या सकाळी शिवनाथ हसतच माझ्याकडे आला. "जीजा आ गए, बाबू. अब अपना संभालें."

मी म्हणालो, जीजाला चांगल्या जागी लावतोय. तू मान वर करू नकोस, काम कर.

मग बाहेर चहाच्या टपरीवर राममूरतला गाठलं. आणि सांगितलं — कसं सांगू? — सांगितलं की शिवनाथनेच तुझे लूम मागून घेतले.

तो आधी हसला. "मजाक मत करो, मनीजरबाबू. मेरा साला मच्छर भी मुझसे पूछके मारता है."

मी हसलो नाही. तेव्हा त्याने कारखान्याच्या दारातून आत पाहिलं. शिवनाथ मान खाली घालून काम करत होता — मी सांगितलं होतं तसा. राममूरतने चहा अर्धा ठेवला. मेहुणा ड्युटीवर असतानाच दोघांच्या खोलीतलं आपलं सामान उचलून तो सुरतेला निघून गेला.

शेठने असं करायला सांगितलं होतं का? नाही. शेठला ठाऊकही नव्हतं.

शिवनाथची बहीण — राममूरतची बायको — दरवर्षी, तो असेल तिथे, राखी पाठवायची. त्या वर्षी कारखान्याच्या पत्त्यावर आली नाही. शिवनाथ रोज विचारायचा, "डाक आई, बाबू?" मी म्हणायचो, पोस्टाचा काही भरवसा नाही. पुढच्या वर्षी त्याने विचारलं नाही.

त्यानंतरही काही वर्षं मी तिथेच होतो. रोज त्याच्याशेजारून जायचो. एका वाक्याचं काम होतं. तोपर्यंत सगळे कारागीर सहा-सहा लूम चालवू लागले होते. शेठने सर्वांसमोर माझी पाठ थोपटली, तेव्हा शिवनाथनेही टाळ्या वाजवल्या.