डिझेलचा कॉक

हाताला डिझेलचा वास लागला की मला ताईची पाठवणी आठवते. जाफराबादच्या आमच्या घरासमोर ती शालू नेसून जुन्या जीपमध्ये बसली आणि जीप काही चालू होईना. सेल्फ मारला की इंजिन नुसतं खोकायचं नि बंद पडायचं. वडील म्हणाले, "डिझेलच्या लाईनमध्ये हवा धरली. थांबा जरासं." त्या जीपची किरकोळ दुरुस्ती घरात ताईच करायची. ती उतरली, टाकीखाली वाकली. डिझेलचा कॉक कुणीतरी बंद केला होता. तिनं वडिलांकडं पाहिलं, त्यांनी मान फिरवली. मंग गुपचूप कॉक उघडून ती म्हणाली, "बराबर हाये बाबा, हवाच धरल्ती," आणि हवा काढायचा फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिली, लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. परवा माझ्या लेकीच्या पाठवणीची गाडी एका बटणावर चालू झाली.