मला समजावलं, असं त्यांनी लिहिलं होतं

सेठनं फवारा माझ्या पायावर मारला.

लग्नसराईचे दिवस. सुलतान बाजारातलं साड्यांचं दुकान, गादीवर बसायला जागा नाही. आधी त्यानं दोनदा हवेत मारला. मग वाकला आणि थेट माझ्या पट्टीवर. मोगऱ्याचा वास. पट्टीखाली जखम होती, जखमेत पू. झोंबायला पाहिजे होतं. नाही झोंबलं. शुगरनं पाय बधिर झाला होता. बाकी सगळीकडे झोंबलं.

समोर नल्लकुंटा भागात राहणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. नेहमीच्या गिऱ्हाईक. घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, बोलणं स्वच्छ मराठी. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगं, तू आपल्यातलीच ना? मग अशी घाण कशी राहतेस?"

मी हातातली गदवाल उलगडली. पदर दाखवला. बाईंनी ती साडी घेतली.

चौदा वर्षं मी त्या दुकानात उभी होते. उभीच. गादीवर गिऱ्हाईक असेपर्यंत बसायचं नाही, हा तिथला कायदा. गादीवर पांढरी चादर, म्हणून चपला बाहेर. नवरा गेला तेव्हा माझी रेणू पाच वर्षांची. तिला याच पायांवर वाढवली, दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत. शुगर आहे हे माहीत होतं. गोळी कधी घेतली, कधी नाही घेतली. खोटं कशाला बोलू.

फवाऱ्याच्या पंधरा दिवस आधी चादरीवर लाल ठिपके दिसले होते. सेठ ओरडला, "किसका खून है ये?" सगळ्या पोरींनी आपापले तळवे बघितले. मी पण बघितला. साडीची टाचणी, डोक्यापर्यंत आत गेलेली. कधी घुसली देव जाणे. सेठनं चादर बदलायला सांगितली. मीच बदलली.

त्याच टाचणीची जखम सडली. वास सुटला. फवारा मारून झाल्यावर सेठ म्हणाला, "ठीक होके आव." म्हणजे, जा.

ताप चढला. करंगळी काळी पडायला लागली. रेणूनं रिक्षात घातलं आणि एका मोठ्या दवाखान्यात नेलं, खास पायांच्या. तिथल्या भिंतींवर चकचकीत फोटो. जखमेतली घाण ओढून घेणारं मशीन. तळव्यावरचा भार उचलून धरणारं प्लास्टर. बागेत फिरणारा म्हातारा, हसतोय. मी सगळे फोटो बघितले. मनात म्हटलं, बरोबर जागी आलो.

डॉक्टर लांबूनच बघत होता. हात लावला नाही. बाजूच्या माणसाला तेलुगूत म्हणाला, "मोकाली किंदा तीसेद्दाम."

गुडघ्याखालून काढून टाकू.

त्याला वाटलं मला कळत नाही. चौदा वर्षं मी तेलुगू बायकांना साड्या विकल्या. मला कळलं.

मी म्हटलं, "साब, बाहर फोटो है ना मशीन का. वो नै करते क्या मेरेकू?"

तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "वो तुम्हारे लिए नै है अम्मा. तुम लोगां पाँव सँभालते नै. काट दिए तो झंझट खतम."

मग नर्स आली. कागद आणि शाईचं पॅड घेऊन. माझा अंगठा धरला. मी सोडवून घेतला. म्हटलं, मला लिहिता येतं, दहावी झाले मी. ती म्हणाली, "तो जल्दी साइन करो."

कागद इंग्रजी. रेणूला दिला. माझी पोरगी मराठी अक्षरं जोडत जोडत वाचते, पण इंग्रजी भराभर. वाचता वाचता थांबली.

"आई, इसमें लिखा है, बाकीचे सगळे इलाज तुला समजावले. तुला समझ में आया. आणि तू नको म्हणालीस."

मी तिला परत वाचायला लावलं. तेच होतं. छापलेलं. मी तिथं पोचायच्या आधीच छापलेलं.

तापानं अंग थरथरत होतं. डोकं मात्र एकदम लख्ख झालं. जन्मभर हेच झालं होतं. हिला उभं राहायला चालतं. हिला घाण चालते. हिला पाय नसला तरी चालतं. मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि माझा होकार सगळीकडे धरलेला होता.

कागद घेऊन मी लंगडत डॉक्टरसमोर गेले. "कौनसे इलाज समझाए? एक का नाम बोलो."

तो म्हणाला, "मर जाओगी."

"मरी तो मेरी मैं मरूँगी. पर मैं नको बोली, ये झूट है."

सही केली नाही. चाकाची खुर्ची मागितली, मिळाली नाही. रेणूच्या खांद्यावर भार टाकून बाहेर आले. ती रडत होती. म्हणत होती, आई, तू मरशील गं. मलाही तेच वाटत होतं. मोठं काही केल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. नुसती भीती होती.

सरकारी दवाखान्यात दोन दिवस व्हरांड्यात पडून होते. तिसऱ्या दिवशी एक डॉक्टरबाई आल्या. खाली बसल्या. माझा पाय मांडीवर घेतला. घोट्याला एक छोटं यंत्र लावलं, त्यातून आवाज आला. सूं, सूं. "सुन रै अम्मा? खून जा रा पाँव में." मग सगळं सांगितलं. करंगळी जाईल, हाड सडलंय. पाय वाचवायला बघू. "वादा नै करती मैं."

करंगळी गेली. जखमेत स्पंज भरला, वर नळी, मशीन रात्रंदिवस घाण ओढत राहिलं. ते फोटोतलंच मशीन. मग प्लास्टर. उभं राहायचं नाही, महिनोन् महिने.

दुकानात माझ्या जागी दुसरी आली. रेणूनं कॉलेज सोडलं, मोबाइलच्या दुकानात लागली. तीही दिवसभर उभी असते.

मागच्या महिन्यात जखम परत उघडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, कदाचित कापावं लागेल. मी विचारलं, कुठून? का? दुसरं काय करता येईल? त्यानं किती दिवस मिळतील? त्या कंटाळल्या. पण उत्तरं दिली. मी वहीत लिहून घेतली, मराठीत. त्यांनी थांबून लिहू दिलं.

पाय राहील की जाईल, मला माहीत नाही. गेला तर खूप रडेन. पण माझा हो मी म्हणेन आणि माझा नको पण मीच म्हणेन. जो मला विचारणार नाही, त्याच्यासमोरून उठून जाईन. एका पायावर, तर एका पायावर.