कौसातून एक हंडा कमी

"कौसा संपली, तरी म्हातारा भरतोयच बे!"

सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या माझ्या खुर्चीत बसून मी संगणकावर लिहिलेला प्रोग्राम मोठ्यानं वाचत होता. सगळा वर्ग हसला.

कौसा माझी बायको. दुष्काळात टँकरच्या रांगेत उन्हानं पडली. उठलीच न्हाई.

आमच्या पाणी सोसायटीनं तेलगावात संगणकाचा वर्ग काढला. टँकरच्या पाण्याची वाटणी सभासदांनीच संगणकावर बसवायची, म्हणून घरटी एक माणूस. माझ्या घरात मी एकटाच. सातवीतून ऊसतोडीला गेलतो, तेवढीच शाळा. सर म्हणाले, प्रोग्राममधी आकडा ठेवायला खोकं असतं, त्याला आवडेल ते नाव द्या. टाकीतल्या पाण्याच्या खोक्याला मी कौसा लिहिलं. हंडा भरला की कौसातून एक कमी. ती होती तवर कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं' म्हणूनच जन्म गेला. नाव पहिल्यांदा तिथं लिहिलं.

वर्गाची रीत होती. लिहून झालं की खुर्च्या बदलायच्या. पुतण्यानं माझं वाचायचं, मी त्याचं. चुकलं तिथं बोट ठेवायचं.

सर हळूच म्हणाले, "तात्या, नाव बदला ना. नुसतं पाणी लिहा."

"न्हाई."

मी पुतण्याच्या खुर्चीकडं गेलो. त्यानं पडद्यापुढं हात आडवा धरला.

"तुमी कावून वाचता? तुमाला काय कळणार हाय?"

कौसा म्हणायची, "मुकादमापुढं तोंड शिवून घेता, आन् घरी माझ्यावर वरडता." खरंच होतं. त्या दिवशी तोंड उघडलं.

"हात काढ. तू माझं वाचलं, मी तुझं वाचणार. आन् हसलास तिथं चूक काय हाय, ते सांग."

कुणी हसलं नाही. हात निघाला. मी बसलो. त्याचं निम्मं मला कळलं नाही. ओळीओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय, हे कावून. त्याला सांगावं लागलं. मग तो पुटपुटला, "शून्य झालं की थांब, असं तुमी लिहिलंच न्हाई."

एवढंच होतं. हसायच्या आधी सांगायचं होतं.

ती ओळ मी लिहिली. घरी आलो. सांगायला कुणी नव्हतं. भिंतीकडं बघून मोठ्यानं म्हणालो, कौसा.

आता खुर्च्या बदलतील तवा मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसणार. कुणी हात आडवा घालो. आन् माझं वाचणाऱ्यानं तिचं नाव नीट वाचायचं.